गाठ गर्भाशयात, तक्रार पोटाची

फायब्रॉइडबद्दल, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीबद्दल, जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं पाळीबद्दल असतं. जास्त अंगावरून जाणं, गुठळ्या पडणं, कंबर दुखणं, मूल न राहणं, आणि पोट साफ न होण्याबद्दल कुठेतरी शेवटी एखादी ओळ. माझं उलट होतं. पाळी जड होतीच पण तिची सवय झाली होती, जीव नकोसा केला होता तो पोटाने. म्हणून त्याच बाजूने सगळं लिहितेय, आणि यात संडास, गॅस, कुंथणं हे शब्द येणारच आहेत, ज्यांना किळस वाटते त्यांनी इथूनच मागे फिरा.

तर त्रास असा होता. सकाळी संडासला जाऊन यायचं आणि हात धुतानाच वाटायचं की अजून आहे. परत जाऊन बसलं की काही नाही. जोर केला की पुढे सरकतंय असं वाटायचं आणि मध्येच कुठेतरी अडायचं, आणि जे व्हायचं ते एकतर बारीक नाहीतर कडक खडे. सकाळी पोट जरा बरं असायचं, संध्याकाळपर्यंत गच्च. थोडं जेवलं की पोट भरायचं, मग करपट ढेकर. खाली ओटीपोटात सतत जडपणा, बसलं तरी आहे, उभं राहिलं तरी आहे. आणि लघवीला सारखं जायला लागायचं, रात्री सुद्धा, पण त्याचं कारण मला सापडलेलं होतं ना, बद्धकोष्ठता आहे म्हटल्यावर जो भेटेल तो पाणी प्या पाणी प्या म्हणतो, एवढं पाणी प्यायल्यावर लघवीला होणारच की.

पोटासाठी एक डॉक्टर होते आणि पाळीसाठी दुसऱ्या मॅडम. दोन वेगळ्या फाइली. पोटाच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी, गॅसची गोळी, रात्री घ्यायचं एक सिरप दिलं आणि आयबीएस (तपासणीत काही सापडत नाही पण पोट बिघडलेलं राहतं ते) आहे, टेन्शन कमी करा असं सांगितलं. मॅडमनी पाळी थांबवायच्या गोळ्या आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. पोटाच्या डॉक्टरांनी पाळी कशी येते ते कधी विचारलं नाही, मॅडमनी संडासला कसं होतं ते विचारलं नाही. माझी मोठी बहीण म्हणायची अगं चाळिशी ओलांडली की असंच असतं सगळं, आणि तिचं बघून मला ते पटायचंही, कारण तिचंही तसंच होतं. (तिचीही नंतर सोनोग्राफी झाली. तिलाही गाठी निघाल्या, लहान आहेत, काही करायची गरज नाही असं सांगितलंय. आई, बहीण यांना असेल तर आपल्याला असण्याची शक्यता जास्त असते हे मला तेव्हा कळलं.)

शेवटी कुंथून कुंथून मूळव्याध झाली, रक्त दिसलं, म्हणून सर्जनकडे गेले. त्यांनी नुसती मूळव्याध बघितली नाही, आधी सरळ झोपायला सांगितलं, बेंबीच्या खाली हात ठेवून हळूहळू दाबत गेले आणि एकदम म्हणाले, पाळी कशी येते तुम्हाला? मी म्हटलं मूळव्याधीसाठी आलेय. तर म्हणाले, ते कळलं ताई, पण खाली काहीतरी कडक लागतंय, आधी सोनोग्राफी करून या, मूळव्याध काही पळून जात नाही.

सोनोग्राफीत निघाला फायब्रॉइड. एक मोठा, ९.४ गुणिले ८.१ सेंटीमीटर, आणि दोन लहान. मोठा होता तो गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत, निम्मा भिंतीत आणि निम्मा बाहेर आलेला. गर्भाशयाचा एकूण आकार १४ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढा. आता एरवी अख्खं गर्भाशय लांबीला सात-आठ सेंटीमीटर असतं, म्हणजे गाठच त्याच्यापेक्षा मोठी. गरोदरपणात साधारण १२ आठवड्यांना गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या वर येऊन हाताला लागायला लागतं, त्यामुळे सर्जनना ते नुसत्या हाताने कळलं.

पुढचे काही दिवस मी फक्त वाचत होते आणि मॅडमना प्रश्न विचारत होते (नवीन मॅडम, आधीच्यांकडे परत गेले नाही). फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ, कॅन्सर नव्हे, आणि पन्नाशी येईपर्यंत बहुतेक बायकांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी गाठ सापडते, फक्त बऱ्याच जणींना तिचा काही त्रास नसल्यामुळे पत्ताच नसतो. त्रास होणार की नाही आणि कसला होणार हे गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे यावर जास्त ठरतं. आतल्या अस्तराकडे असेल तर लहानशी गाठसुद्धा प्रचंड ब्लीडिंग करते. भिंतीतली मोठी झाली तर ब्लीडिंग पण आणि दाब पण. बाहेरच्या बाजूला वाढलेली असेल तर पाळी एकदम नॉर्मल असू शकते आणि सगळा त्रास दाबाचा. डॉक्टर लोकांमध्ये यासाठी ० ते ८ असे टाइप आहेत, रिपोर्टमध्ये फिगो म्हणून आकडा लिहिलेला असेल तर तो हाच.

आणि दाब कुणावर, तर शेजाऱ्यांवर. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, आणि या सगळ्यांच्या भोवती कमरेची हाडं जी इंचभरही सरकत नाहीत. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस येऊन बसला की काय होतं तसंच. पुढच्या भिंतीची गाठ असेल तर सारखी लघवी, मागच्या भिंतीची असेल तर संडासचा रस्ता चेपला जातो, पुढे सरकायला अडतं, झाल्यावरही पूर्ण झालं असं वाटत नाही कारण त्या जागी दाब खरंच असतो, मेंदूला तो मल वाटतो. आणि गाठ फार वर वाढली तर थोडं जेवून पोट भरणं, छातीत जळजळणं. माझ्या सगळ्या तक्रारी यात एकेक करून बसत होत्या आणि मला इतकं हलकं वाटलं की म्हटलं चला, सापडलं कारण, गाठ काढा, विषय संपला.

मॅडमनी तिथेच ब्रेक लावला. म्हणाल्या, गाठ सापडली म्हणून सगळं गाठीच्याच नावावर टाकायचं नाही. तुमचं वय पंचेचाळीसच्या वर, शौचाची सवय बदललेली, शौचातून रक्त, आणि हिमोग्लोबिन ७.९. हे रक्त पाळीतून गेलंय असं आपण धरून चाललोय, पण आतड्यातूनही जात असू शकतं, ते बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्या. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया आणि ८ च्या खाली म्हणजे गंभीर, हा हिशोब पण त्यांनीच सांगितला. मला खरं तर वैताग आला होता. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की सगळ्या प्रवासात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट कुठली झाली असेल तर हीच.

कोलोनोस्कोपीपेक्षा तिची आदल्या दिवसाची तयारी वाईट. ते औषध पाण्यात कालवून लिटरच्या लिटर प्यायचं आणि मग बाथरूममध्येच मुक्काम. पण त्यात एक गोष्ट लक्षात आली जी मी नंतर मॅडमना सांगितली आणि त्यांनी फाइलीत लिहून घेतली. आतडं पूर्ण रिकामं झालं, पाण्यासारखं स्वच्छ यायला लागलं, पोटाचा वरचा फुगा गेला, पण खालचा जडपणा आणि 'अजून आहे' ही भावना तशीच. म्हणजे ते मलाचं नव्हतंच. तपासणीत आतून काही निघालं नाही, मूळव्याध सोडली तर सगळं स्वच्छ, फक्त रिपोर्टमध्ये एक ओळ होती की गुदाशयाच्या वरच्या भागात बाहेरून दाब आल्यासारखं दिसतंय. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. इतकी वर्षं टेन्शन कमी करा ऐकल्यावर कागदावर 'बाहेरून दाब' असं छापलेलं बघणं म्हणजे काय ते ज्यांना हे झालंय त्यांनाच कळेल.

मध्ये एक घाबरगुंडी झाली ती पण सांगते कारण ती बऱ्याच जणींची होते. सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट, ३५ पर्यंत नॉर्मल धरतात, माझी ५२ आली आणि मी इंटरनेटवर बघितलं तर ओव्हरीचा (बीजांडकोशाचा) कॅन्सर. रात्रभर झोप नाही. मॅडम म्हणाल्या फायब्रॉइडमध्ये वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढते, पाळी चालू असताना काढलं तरी वाढते, एकट्या या आकड्यावर काही ठरत नाही, म्हणून एमआरआय करून ओव्हरी नीट बघितल्या, ठीक निघाल्या. पण याची दुसरी बाजूही आहे. सारखं पोट फुगणं, थोडक्यात पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, ही लक्षणं ओव्हरीच्या कॅन्सरचीही असतात. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेच्या २०११ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की पन्नाशीनंतर बाईला पहिल्यांदाच आयबीएससारखा त्रास सुरू झाला तर ओव्हरी तपासा, कारण आयबीएस त्या वयात नव्याने सुरू होणं दुर्मिळ. म्हणजे महिनोन्महिने पोट फुगत असेल आणि कुणी सोनोग्राफी न करता गॅसच्या गोळ्याच देत असेल तर सोनोग्राफी मागून घ्या, सरळ मागून घ्या.

मॅडमनी मला एक वही करायला लावली. रोज काय झालं, कसं झालं, पाळीचा कितवा दिवस, कुठली गोळी घेतली. 'कसं झालं' साठी ब्रिस्टल चार्ट दिला, त्यात १ ते ७ अशी चित्रं असतात, १ म्हणजे सुटे कडक खडे, ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ चांगलं. सुरुवातीला लाज वाटली, नवऱ्याने वही उघडली तेव्हा तर फारच, पण या वहीने जेवढं समजलं तेवढं कुठल्याच मशीनने समजलं नाही. कारण त्यात दिसलं की माझा पोटाचा त्रास एक नव्हताच, तीन-चार त्रास एकमेकांवर चढून बसलेले होते.

एक होता रोजचा, पाळीशी काही संबंध नाही, महिनाभर सारखाच: अडणं, पूर्ण न होणं, खालचा जडपणा, लघवी. हा दाबाचा.

दुसरा वर-खाली होणारा. पाळीच्या आधीचा आठवडा चार्टवर १-२ आणि पोट ड्रमसारखं, आणि पाळी सुरू झाली की पहिले दोन दिवस एकदम ६, पोटात कळा. हे हार्मोनचं. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं त्याने आतड्याची हालचाल मंदावते, आणि पाळीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावायला जी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात ती शेजारच्या आतड्यालाही पिळतात, म्हणून जुलाब. गाठी नसलेल्या बायकांनाही हे होतं. पण संडासला बसताना आत खोल जीवघेणी कळ येत असेल, तेही फक्त पाळीत, तर एंडोमेट्रिओसिस आहे का बघायला हवं, ते फायब्रॉइडच्या जोडीने असू शकतं आणि सोनोग्राफीत चुकू शकतं.

तिसरा होता औषधांचा, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकला कारण हा कुणी सांगितलाच नव्हता. लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या त्या आठवड्यापासून वहीत सलग १, १, १ आणि काळा रंग. काळा रंग लोहाने होतोच, त्याला घाबरायचं नाही (पण गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं चिकट झालं तर मात्र पळत जायचं, ते वरच्या आतड्यातलं किंवा जठरातलं रक्त असू शकतं). म्हणजे चक्र असं की गाठीमुळे ब्लीडिंग, ब्लीडिंगमुळे ॲनिमिया, ॲनिमियासाठी लोह, लोहामुळे बद्धकोष्ठता, जी गाठीमुळे आधीच होती. वर पाळीत दुखतं म्हणून मेफेनॅमिक ॲसिड घेत होते, तेही उपाशीपोटी, ज्याने ॲसिडिटी, ज्यासाठी पुन्हा गोळी. ब्लीडिंग कमी करायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड, त्याने मळमळ. एका गाठीपायी डब्यात किती गोळ्या होत्या विचारू नका.

लोहाचं मॅडमनी आधी एक दिवसाआड केलं. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत ते पुढचं लोह नीट शोषू देत नाही, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात लागू पडतं आणि पोटाचा त्रास कमी. चहा-कॉफीपासून लांब घ्यायची हे वेगळं. माझ्याकडे ऑपरेशनपर्यंत तेवढा वेळ नव्हता म्हणून मग सलाईनमधून लोह दिलं, त्यात आतड्याचा संबंधच राहिला नाही आणि हिमोग्लोबिन भराभर वर आलं.

ऑपरेशनची वाट बघत असताना पोटासाठी काय केलं तेही लिहिते. आधी मी इसबगोल खूप घेत होते, फायबर वाढवा म्हणतात म्हणून, आणि फुगा अजून वाढायचा. बाहेर पडायचा रस्ताच अरुंद असताना वरून माल वाढवला तर काय होणार. इसबगोल वाईट नाही, नुसत्या मंद पोटासाठी भरपूर पाण्यासोबत चांगलं आहे, पण अडथळ्याच्या त्रासात सगळ्यांना मानवत नाही. मला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर लागू पडली, ती मलात पाणी धरून ठेवते, मऊ राहतं, जोर कमी लागतो. पायाखाली छोटं स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणून बसायचं, त्याने गुदाशयाचा कोन सरळ होतो, हे ऐकायला फालतू वाटतं पण पहिल्याच आठवड्यात फरक होता. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात जायचं कारण खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हालतं, आणि नाही झालं तर उठायचं, मोबाइल घेऊन बसून राहायचं नाही.

आणि हो, गाठ विरघळवणारे काढे, चूर्ण, अमुक खा तमुक सोडा, हे सगळं मला आठवड्याला कुणीतरी पाठवत होतं. मी कुणाशी वाद घातला नाही. खाण्याने ९ सेंटीमीटरची गाठ विरघळते असा भरवशाचा पुरावा नाहीये, मी विचारून घेतलं. खाण्याने बद्धकोष्ठता सुधारते आणि ती सुधारली की बरं वाटतं, मग माणसाला वाटतं गाठच गेली.

उपचारांचे पर्याय मॅडमनी सगळे सांगितले आणि निवड माझ्यावर सोडली. गोळ्या आहेत, रेलुगोलिक्ससोबत थोडे हार्मोन एकत्र केलेली एक गोळी अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालीये, ती मुख्यतः ब्लीडिंगसाठी. युलिप्रिस्टल म्हणून एक होती, तिने लिव्हरला गंभीर इजा झाल्याच्या केसेस आल्यावर युरोपात २०२० मध्ये तिच्यावर कडक मर्यादा आल्या. गर्भाशयाची रक्तवाहिनी बंद करायची एम्बोलायझेशनची पद्धत १९९५ पासून फायब्रॉइडसाठी वापरात आहे, पिशवी राहते, पोट उघडावं लागत नाही, गाठ आक्रसत जाते पण त्याला महिने लागतात आणि पहिले काही दिवस दुखणं, ताप, मळमळ असते. फक्त गाठी काढायच्या, पिशवी ठेवायची, हे मूल हवं असलेल्यांसाठी चांगलं, पण गाठी पुन्हा येऊ शकतात. आणि पिशवी काढणं. शिवाय काहीच न करणं हाही पर्याय होता, पाळी कायमची थांबली की गाठी सहसा लहान होतात, पण त्याला माझ्याकडे अजून किती वर्षं आहेत कुणाला माहीत आणि हिमोग्लोबिन तोपर्यंत थांबणार नव्हतं. मी पिशवी काढायचं ठरवलं, ओव्हरी ठेवून, कारण त्या चांगल्या होत्या आणि मला एका रात्रीत मेनोपॉज नको होता. सासूबाईंना वाटत होतं दोन्ही काढून टाक एकदाच, कटकट नको. मी नाही म्हटलं.

ऑपरेशनच्या आधी तीन महिने ल्युप्रोलाइडची महिन्याला एक अशी इंजेक्शनं दिली. त्याने इस्ट्रोजेन खाली जातं, पाळी थांबते, गाठ लहान होते, हिमोग्लोबिन वर येतं. पहिल्या इंजेक्शननंतर ब्लीडिंग आधी वाढलं, ते होतं हे सांगितलेलं होतं तरी घाबरले. मग थांबलं. गरम वाफा, घाम, चिडचिड, ते सगळं आलं. पण पोटाच्या दृष्टीने हे तीन महिने म्हणजे प्रयोगच झाला. वहीतलं महिन्याचं वर-खाली पूर्ण सपाट, ना आधीचा फुगा ना पहिल्या दिवसाचे जुलाब. आणि गाठ ९ वरून साडेसातच्या आसपास आली तशी संडासला कमी अडायला लागलं. थोडंच, पण मला कळत होतं. तेव्हा पहिल्यांदा खात्री वाटली की ऑपरेशनने पोटाला काहीतरी मिळणार.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, भूल दिली, उठले तेव्हा झालेलं होतं. सांगण्यासारखं आहे ते नंतरचं, कारण पोटाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर आतडी काही काळ संपावर जातात आणि वॉर्डात जो येईल तो एकच विचारतो, गॅस पास झाला का? नर्स विचारते, डॉक्टर विचारतात, नवरा विचारतो, फोनवरून आई विचारते. आयुष्यभर जी गोष्ट लपवली तिची सगळे वाट बघतायत. पोट फुगलेलं, आणि गंमत म्हणजे दुखत होता उजवा खांदा. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा राहतो आणि श्वासपटलाला त्रास देतो, त्याची कळ खांद्यात जाणवते. दोन दिवसात जाते. चालायला लवकर उठवलं, च्युइंगम चघळायला दिलं, चघळल्याने आतड्यांना वाटतं जेवण येतंय आणि ती लवकर जागी होतात. मला आधी वाटलं नर्स चेष्टा करतेय.

दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलं होतं, ते पुन्हा बद्धकोष्ठता करतं, म्हणून मी पहिल्याच दिवशी माझी पावडर चालू करू का विचारलं, आणि दुखणं सहन होण्याइतकं झाल्यावर पॅरासिटामॉलवर आले. पहिल्यांदा संडासला जायची भीती टाके तुटतील म्हणून फार असते. उशी पोटाशी धरून, पाय स्टूलवर, तोंडाने श्वास सोडत, जोर न करता. झालं. रडले मी. एक मात्र लक्षात ठेवा, उलट्या होतायत, पोट टणक होत चाललंय आणि गॅस अजिबात जात नाही, असं झालं तर घरी काढे पीत बसायचं नाही, हॉस्पिटल. आणि हे ऑपरेशननंतर वर्षांनीही लागू आहे, आत चिकटलेल्या पडद्यांमुळे आतडं अडकू शकतं.

बायोप्सीचा रिपोर्ट साधा लायोमायोमा म्हणजे फायब्रॉइडच, कॅन्सर नाही. पिशवीचं वजन ५८० ग्रॅम, नेहमीच्या कित्येक पट.

आता मुख्य प्रश्न, पोट सुधारलं का. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर लघवी लगेच सुधारली, रात्री न उठता झोपायला लागले. खालचा जडपणा गेला, सुरुवातीला टाक्यांच्या दुखण्यात कळलं नाही पण महिन्याभरात कळलं. जेवण जातं. लोह बंद, मेफेनॅमिक बंद, त्यामुळे ॲसिडिटीची गोळीही बंद. वहीत बहुतेक ३ आणि ४.

पण अडणं पूर्ण गेलं नाही. निम्म्याहून जास्त गेलं, उरलेलं राहिलं आणि मी खूप निराश झाले होते, एवढं सगळं करून. मग तपासल्यावर कळलं की इतकी वर्षं कुंथायची सवय लागून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलटे शिकलेत, सोडायच्या वेळी आवळतात. त्यासाठी फिजिओथेरपी असते, बायोफीडबॅक म्हणतात, स्क्रीनवर दिसतं आपण स्नायू सोडतोय की आवळतोय. ते चालू आहे, हळूहळू जमतंय. आणि पाळी नसली तरी महिन्यातला एक आठवडा पोट फुगतंच, कारण ओव्हरी आहेत आणि त्यांचं चक्र चालूच आहे. सासूबाईंना हे सांगितलं नाहीये, मी म्हटलं नव्हतं का असं ऐकावं लागेल. मला तो एक आठवडा चालतो.

मूळव्याध तशीच आहे. सर्जन बँडिंग (मूळव्याधीच्या मुळाशी रबर बँड लावणं) करू म्हणतायत, दहा मिनिटांचं काम आहे म्हणे. मी त्यांना सांगितलंय की फिजिओथेरपी पूर्ण होऊ द्या, कुंथणं थांबल्यावर ती आपोआप किती कमी होते ते बघू, रक्त तर ऑपरेशनपासून दिसलेलं नाही. पुढच्या महिन्यात दाखवायला बोलावलंय.